उगवतीचा समुद्र

कॉव्हेंट्रीत राहून समुद्राचा ध्यास घेणारा माणूस जरा चक्रमच म्हणायचा. तिथून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र काही लवकर भेटत नाही. पण शशिधरराव परुळेकरांनी मोटारींच्या कारखान्यात सुटे भाग तपासत उमेदीची सगळी वर्षं घालवली ती एकाच आशेवर. रिटायर झालो की वेंगुर्ल्याला जायचं, आणि वडील बसायचे तसं संध्याकाळी खुर्ची टाकून सूर्य समुद्रात बुडताना बघायचं. सूर्य बुडाला की वडील धोतर झटकून उठायचे आणि म्हणायचे, "चला, झाला दिवस." तेवढं वाक्य म्हणायला मिळावं, एवढीच शशिधररावांची म्हातारपणाची कल्पना होती.

वैजयंतीला वेंगुर्ला नको होतं. तिथे तिचं होतं कोण? सासू-सासरे गेले, दीर कधीच मुंबईला जाऊन बसलेले. तिचा जीव नॉटिंगहॅमला, मुलीपाशी, वीणापाशी आणि वीणाच्या दोन पोरींपाशी. पण 'मला नको' असं नवऱ्याच्या तोंडावर म्हणायची सवय तिला कधी लागलीच नाही. ती आपली "तुम्ही म्हणाल तसं" म्हणायची आणि आतल्या आत कुढायची. शशिधरराव काही दगड नव्हते, त्यांना ते कुढणं दिसायचं. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच तोड काढली.

"हे बघ, नॉटिंगहॅमहून स्केगनेसला डायरेक्ट ट्रेन आहे. तिथेच जवळपास बंगला घेऊ. मला समुद्र, तुला वीणा. मग तर झालं?"

ऑगस्टमधल्या एका दुपारी दोघं घर बघायला गेली. किनाऱ्यावर पोरांचा धिंगाणा, कोपऱ्यावर आइस्क्रीमची गाडी, दारासमोर बस. पुढच्या खोलीच्या मोठ्या खिडकीतून समुद्र. शशिधरराव त्या खिडकीपाशी असे उभे राहिले की एजंटला पुढे तोंड उघडावं लागलं नाही. वैजयंती मात्र नव्या घरात शिरली की आधी पूर्व शोधते. देव कुठे मांडायचे हे ठरल्याशिवाय तिला घर आपलं वाटत नाही. दुपार कलली होती आणि ऊन मागच्या स्वयंपाकघरात येत होतं. म्हणजे तिकडे पश्चिम. म्हणजे समुद्र पूर्वेला.

तिला तिथल्या तिथे कळलं. या समुद्रातून सूर्य उगवणार होता, त्यात बुडणार नव्हता. नवरा महिनाभर 'ईस्ट कोस्ट, ईस्ट कोस्ट' घोकत होता खरा. पण समुद्र म्हटला की सूर्य त्यात बुडायचाच, हे वेंगुर्ल्याच्या माणसाच्या इतकं अंगात मुरलेलं असतं की तपासून बघायचं त्याला सुचतसुद्धा नाही. सांगावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण सांगितलं तर हे घर बारगळणार, आणि मग वेंगुर्लाच.

"छान आहे," ती म्हणाली. "देवांना जागा चांगली मिळाली."

कॉव्हेंट्रीचं घर विकून, सामान हलवून ऑक्टोबरात ती दोघं इथे आली. पहिल्याच संध्याकाळी शशिधररावांनी दोन खुर्च्या बाहेर टाकल्या. दोघं कोट घालून बसली. समोरचं पाणी हळूहळू राखाडी झालं, मग काळपट. अंगावर अजून उजेड कसा, म्हणून शशिधररावांनी मान वळवली. पाठीमागे, सुट्टीवाल्यांच्या कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या घरांच्या, रांगांवर आभाळ लालभडक झालं होतं.

"अरेच्चा!" ते म्हणाले आणि मोठ्याने हसले. "जन्मभर दुसऱ्यांच्या चुका पकडल्या, आणि स्वतः सूर्य चुकलो. काय गाढव माणूस आहे मी!"

वैजयंतीही हसली. ते खोटं हसू तिला पुढे कधी गिळता आलं नाही. शशिधररावांनी खुर्च्या आत नेल्या आणि पुन्हा कधी बाहेर काढल्या नाहीत.

मग थंडी आली. बस फक्त उन्हाळ्यातच असते हे तेव्हा कळलं. दुकानांना फळ्या लागल्या. समुद्राकाठी राहून खायला मासा मिळायचा तो पिठात घोळून तळलेला. वीणा दर रविवारी यायची, तेवढाच काय तो आधार. दीड वर्षाने जावयाला ऑस्ट्रेलियात पर्थला नोकरी लागली, वीणा पोरींसकट तिकडे गेली आणि तोही आधार तुटला. शशिधररावांनी घर विकायला काढलं, पण तोवर भाव कोसळले होते. बागेतला 'फॉर सेल'चा बोर्ड वाऱ्याने वाकला, कुणी फिरकलं नाही. नंतर हार्ट अटॅक आला. डॉक्टरांनी विमान कायमचं बंद केलं, त्याबरोबर वेंगुर्लाही बंद झालं.

ब्याण्णवच्या जानेवारीत एका सकाळी पर्थहून फोन आला. फोन शशिधररावांनी घेतला. वीणा खुशीत होती, तिचं इंग्लंडात वाढलेलं मोडकंतोडकं मराठी खोलीभर ऐकू येत होतं.

"बाबा, आम्ही आत्ता बीचवरून आला. इथे सूर्य समुद्रामध्ये जातो, यू नो? एकदम तुमचा वेंगुर्लासारखा! मुली रोज बघतात. इट्स युअर सी, बाबा, सेम इंडियन ओशन!"

"हो का? वा वा," शशिधरराव म्हणाले. नातींची चौकशी केली, रिसीव्हर जपून खाली ठेवला आणि बराच वेळ त्यावरचा हात काढला नाही.

"सगळ्यांना सापडला," ते म्हणाले. "मलाच अक्कल नाही. तुला उगाच इथे आणून टाकलं. माझ्या मूर्खपणापायी तुझी ही दशा."

हे ते रोजच म्हणायचे आणि वैजयंती रोज चहा टाकायला उठायची. त्या दिवशी तिला उठवेना. या माणसाने किती वर्षं स्वतःला गाढव म्हणवून घ्यायचं?

"तुमची चूक नाही," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

"काय?"

"समुद्र पूर्वेला आहे ते. घर बघायला आलो तेव्हाच. देवांची जागा बघताना कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही घर घेतलं नसतंत. वेंगुर्ल्याला गेला असतात. आणि माझी वीणा..."

शशिधरराव रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. "वीणाही गेली की गं," एवढंच ते म्हणाले, आणि आतल्या खोलीत जाऊन पडले.

दुपार सरता सरता वैजयंतीने त्यांची खुर्ची स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी ओढून नेली. हाताला धरून त्यांना बसवलं, गुडघ्यांवर शाल घातली आणि स्वतः शेजारी स्टूलवर बसली. समुद्र घराच्या पलीकडे, पाठीमागे गरजत होता. समोर रिकाम्या कॅरॅव्हॅन. त्यांच्या पत्र्यांमागे सूर्य उतरत उतरत दिसेनासा झाला. वडिलांचं ते वाक्य आता तरी ते म्हणतील, म्हणून ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"उद्यापासून," शशिधरराव म्हणाले, "हा पडदा लवकर लावत जा."