तासाला बेचाळीस वेळा

"साहेब, रांगणारं बाळ साठ किलोचं कुठे असतं?" काटेबाईंनी फाइल टेबलावर आपटलीच.

"बाई, वापरणाऱ्याच्या वजनाचा रकाना छापील आहे. सगळ्या वस्तूंना तोच." साहेबांनी मान वर केली नाही.

बाईंचं खरं नाव लॅबमध्ये कुणी घेत नसे. कणाचाही हिशोब सोडत नाहीत, म्हणून काटेबाई. लहान मुलांच्या वस्तूंमधली रसायनं तपासण्यात त्यांची एकवीस वर्षं गेली होती. आताची वस्तू म्हणजे बाळांनी रांगायची रंगीत मॅट. ती मऊ राहावी म्हणून घातलेलं रसायन हाताला लागत होतं. साठ किलोच्या माणसाला त्याने काही होणार नव्हतं. पण साठ किलोचा माणूस मॅटवर रांगून बोटं चोखत नाही, एवढं तरी साहेबांना कळायला हरकत नव्हती.

"आणि तोंडात हात घालतात म्हणता, ते किती वेळा? आकडा आहे?"

आकडाच हवा ना? बाई दुसऱ्या दिवशी रजा टाकून घराजवळच्या पाळणाघरात ठाण मांडून बसल्या. सात बाळं, तीन तास, वहीत नुसत्या रेघा. सरासरी तासाला बेचाळीस वेळा! बाळाचं वजन आठ किलो धरून त्यांनी गणित पुन्हा मांडलं. उत्तर मर्यादेच्या तिप्पट आलं.

साहेबांनी कागद अगदी नीट वाचला. "मेहनत छान घेतलीत. पण फॉर्ममध्ये बसत नाही. मॅट सुरक्षित म्हणून सही करा."

"नाही करणार."

"मग मी करतो."

आणि केली. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वरच्या ऑफिसला त्यांनी तीन पत्रं धाडली. पोच तेवढी आली.

महिन्याभराने बाई पाळणाघरावरून जात असताना तिथल्या ताईंनी हाक मारली. "बघा तरी, नवी मॅट घेतली! तिच्या मागच्या बाजूला तुमच्या लॅबचा शिक्का दिसला. म्हटलं, आपल्या बाई आहेत तिथे, डोळे मिटून घ्यावी."

बाई चपला काढून आत शिरल्या. "ताई, ही उचला. आत्ताच्या आत्ता."

"अहो, पण तुम्हीच सुरक्षित म्हणालात ना?"

बाई खाली बसल्या आणि एकेक बाळ उचलून फरशीवरच्या चादरीवर ठेवू लागल्या. सातवं ठेवेपर्यंत पहिलं पुन्हा मॅटकडे रांगत निघालं होतं.