आज्यांचं पाणी

मिरानने बोबेला 'आजी' म्हटलं आणि तिथंच सगळं बिनसलं.

उलसेंग तेव्हा बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत भिंतीला पाठ टेकवून बुडीच्या रबरी पोशाखात पाय घालत होती. बाहेर बारीक बर्फ वाऱ्याबरोबर आडवं उडत होतं. ओहोटीची वेळ गाठायची म्हणून सगळ्या घाईत होत्या, आणि तिची सून दारात उभी राहून, कमरेत वाकून, अगदी गोड आवाजात विचारत होती, "आजी, मला तुमच्या पाण्यात शिकू द्याल का?"

"आजी?" बोबे म्हणाली. तिच्या तोंडात दात मोजकेच उरले होते, पण आवाज खणखणीत होता. "कुणाची गं मी आजी? तुझ्या आईला मी जन्म दिला होता का?"

"सामचुन म्हण, सामचुन," उलसेंग पुटपुटली. बेटावर थोरल्या माणसाला, मग तो बाप्या असो की बाई, सामचुन म्हणजे काकाच म्हणायचं. सुनेला तिने हे कितीदा तरी सांगितलं होतं. पण मिरान पडली उल्सान शहरातली. तिच्या जिभेवर ते बसेना.

"चुकलं, सामचुन," मिरान म्हणाली, आणि मग उगाच पुढे बोलली, "पण पाण्याला तर सगळ्या आज्यांचं पाणी म्हणतात ना?"

दोघीतिघी फिसकन हसल्या. बोबे हसली नाही.

"ते पाण्याचं नाव आहे, माझं नव्हे. आणि त्या पाण्यात पोरीबाळींनी पाय घालायचा नसतो. आमचे शंख तुडवशील."

झालं. उलसेंगने गेले आठ दिवस बोबेची जी मनधरणी चालवली होती, तिच्या घरी मुळ्याचं लोणचं नेऊन दिलं होतं, गुडघ्यांना शेक दिला होता, ते सगळं एका शब्दात पाण्यात गेलं.

काठाजवळचं ते उथळ पाणी म्हाताऱ्यांसाठी राखलेलं होतं. ज्यांचे कान गेले, ज्यांची छाती भरून येऊ लागली, त्या होडीवरून उतरायच्या आणि तिथं शंख वेचायच्या. त्यांच्यात शब्द चालायचा बोबेचा. बाकीच्यांनी त्याकडे बघायचंही नाही. बाकीच्या होडीने लांब जायच्या, जिथं पाणी काळं आणि खोल असतं आणि खडकाला मोठाली जनबोक, ती महागडी चपटी शिंपली, चिकटलेली असतात. उलसेंग अजून होडीवर जायची. तिच्या वयाची होडीवर दुसरी कुणी नव्हती. ती हे बोलून दाखवत नसे, पण होडीच्या नाकाजवळची जागा तिची होती आणि तिथं दुसरी कुणी बसली तर ती समोर उभी राहून खोकायची.

आता मिरानला शिकवायचं तर कुठं? ती आणि उलसेंगचा मुलगा तेग्यू उल्सानचं बस्तान गुंडाळून, लेकीला घेऊन परत आले होते. तेग्यू संत्र्यांच्या वखारीत लागला होता. मिरान म्हणाली, मी बुडी शिकते. उलसेंगला त्या रात्री आनंदाने जेवण गेलं नाही. पण गावच्या बायकांच्या संस्थेचा नियम कडक होता. हा हिवाळा संपायच्या आत जी पाण्यात कामाला लागली नाही, तिचं नाव संस्थेत येणार नाही. आणि नाव नाही तर मिरान इथं करणार काय? तेग्यू आताच रोज म्हणत होता, उल्सानला परत जाऊ.

"पूर्वी बाळांचं पाणी होतं," उलसेंग म्हणाली. कुणाला उद्देशून नव्हे, सगळ्यांनाच. "आपण कुठं शिकलो? तिथंच ना? गुडघाभर पाण्यात आई सोडून द्यायची आणि आपल्या कामाला निघून जायची. कुणाला विचारावं लागायचं नाही."

"त्याच्यावर धक्का बांधला," चुनहा म्हणाली. चुनहा बायकांची मुख्य होती. वय साठीचं, बोलणं तोडून. "आणि बांधताना तुम्हीच हात वर केला होतात, सामचुन. म्हणालात, आता कोण पोरी बुडी शिकायला येतायत."

ते खरं होतं. म्हणूनच उलसेंगला जास्त राग आला. लहानपणी त्या पाण्यात ती, बोबे आणि आणखी पोरी सुती कपड्यांत उतरायच्या. ओठ निळे पडायचे. वर आलं की दगडांच्या आडोशात जाळ असायचा आणि थोरल्या बायका सरकून जागा द्यायच्या. सगळ्यात उबेची जागा पोरींना. आता जाळाच्या जागी गरम पाण्याचे नळ आले होते, आणि जागा कुणीच देत नव्हतं.

"मग होडीवर घे तिला," उलसेंग म्हणाली.

"नवशिकीला? होडीवर?" चुनहाने मिरानकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मून नाखवा काय म्हणेल?"

"नाखव्याने होडी हाकावी."

"मी सांगते काय करायचं," बोबे म्हणाली. ती बुडीच्या चष्म्यावर वाफ धरू नये म्हणून काचेला रानदवण्याचा पाला चोळत होती आणि डोळे वर न करता बोलत होती. "आमच्यातली कुणी आपली लेक-सून बरोबर आणली, तर तिला आपल्या वाट्याच्या पाण्यात शिकवता येतं. जुनी रीत आहे. आमच्या सुना तर सगळ्या सोलला जाऊन बसल्या. तेव्हा उलसेंग, तूच ये की खाली आमच्यात. सुनेला घेऊन ये. कोण नको म्हणतंय?"

होडीवरून उतरलेली बाई पुन्हा होडीवर चढत नसे. तीही जुनीच रीत होती.

"माझे कान शाबूत आहेत," उलसेंग म्हणाली.

"ते दिसतंय. टोचल्याबरोबर ऐकू आलं तुला."

"चुनहा, पोरीला होडीवर घे. जबाबदारी माझी."

चुनहाने खांदे उडवले. मिरान दारातच उभी होती, आणि तिला यातलं निम्मंच कळल्याचं चेहऱ्यावर दिसत होतं.

होडी धक्क्याबाहेर पडली आणि मिरान पांढरी पडली. पहिल्या उंच लाटेलाच ती होडीच्या कडेवर ओणवी झाली. सकाळची भाताची पेज गेली, मग नुसतं पाणी गेलं, मग काहीच उरलं नाही तरी ती ओणवीच राहिली.

"सामचुन, तुमची सून माशांना चारा घालतेय," मून नाखवा सुकाणूवरून ओरडला. "आज मासेमारीला चला, बुडी राहू द्या!"

बायका खदखदल्या. उलसेंगने ऐकलं न ऐकलंसं केलं. ती मिरानच्या पाठीवर हात फिरवत होती आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या देत होती. धक्का बांधणाऱ्यांना, हात वर करणाऱ्या स्वतःला, बोबेला. अन् पोटात काही ठेवू न शकणाऱ्या या पोरीलाही.

"पाण्यात उतरलीस की बरं वाटेल," ती म्हणाली. "तरंगा सोडू नकोस. दम संपायच्या आधी वर ये. पुन्हा सांगते, संपायच्या आधी. खाली काही दिसलं तरी ये."

"हो, आई."

ठिकाण आलं तसं नाखवा एकेकीला सोडत गेला. उलसेंगने पाण्यात उडी घेतली, पाठोपाठ मिरान. थंडी रबरातून आत शिरली आणि कपाळ ठणकलं. मिरानने श्वास घेतला, तो अर्धवटच आत गेला. पण ती तरंग्याच्या फुगीर गोळ्याला धरून राहिली. दोनतीनदा डोकं खाली घालून वर आली. ठीक होती. उलसेंगने जरा वेळ पाहिलं आणि मग तिला राहवलं नाही. खाली खडकाच्या कपारीत काहीतरी होतं. तिला ते वरूनच जाणवलं होतं.

जनबोक होतं. तळहाताहून मोठं. असं या मोसमात कुणालाच मिळालं नव्हतं. पहिल्या बुडीत तिने ते पाहिलं, दुसऱ्या बुडीत त्याच्या कडेखाली उचकटायची लोखंडी पट्टी घालायला जागा हेरली. मग दम घ्यायला वर आली, कोंडलेला श्वास सोडताना ओठांतून नेहमीची लांब शीळ सुटली, आणि सवयीने तिने मागे नजर टाकली.

मिरान जागेवर नव्हती.

मिरानचा केशरी तरंगा बराच लांब दिसत होता, आणि तो जात होता बाहेरच्या बाजूला, खुल्या समुद्राकडे. पोरगी जीव खाऊन पाय मारत होती. उलसेंगला क्षणभर कळेना, ही चाललीय कुठं? मग तिच्या लक्षात आलं. होडी! बाकीच्या बायकांना सोडायला होडी पुढे गेली होती, आणि मिरान होडीच्या मागे चालली होती.

"मिरान! अगं ए! डोंगर बघ, डोंगर!"

वारा तोंडावर होता. हाक माघारी आली.

खाली ते जनबोक होतं. आणखी एक बुडी, की हातात आलं असतं. उलसेंगने खाली पाहिलं, एक अस्सल शिवी हासडली आणि पोहायला लागली.

तिने मिरानला गाठलं तेव्हा पोरीचे ओठ काळसर झाले होते आणि पाय मंदावले होते. उलसेंगने तिच्या तरंग्याखालची जाळी आपल्या तरंग्याला अडकवली आणि तिला उताणं करून धरलं.

"कुठं निघाली होतीस?"

"होडी... होडी जवळ होती, आई. मग ती लांब गेली. मी जवळ गेले की ती आणखी..."

"होडी काय तुझं माहेर आहे, वाट बघत थांबायला?" उलसेंग ओरडली. "होडी हलते! डोंगर हलतो का? पाण्यातून डोकं वर काढलं की आधी डोंगर आणि धक्क्याचा दिवा बघायचा, एकावर एक, एका रेषेत. मग कळतं आपण कुठं आहोत."

"मला कुणी सांगितलं नव्हतं," मिरान म्हणाली आणि रडायला लागली.

खरंच सांगितलं नव्हतं. कारण हे सांगायचं असतं हेच उलसेंगला ठाऊक नव्हतं. बाळांच्या पाण्यात कुठूनही डोकं वर काढलं की घर दिसायचं. घराकडे पाठ करून पोहावं असं कुणाच्या मनातसुद्धा यायचं नाही. पुढे होडीवर चढेपर्यंत ते अंगात मुरून गेलेलं असायचं. काठावर शिकलं की डोळ्यांना किनाऱ्याची सवय लागते. होडीवर शिकलं तर डोळे होडीला चिकटतात.

नाखवा आला तेव्हा त्याने चेष्टा केली नाही. चुनहानेही काही म्हटलं नाही. त्यांच्या या गप्प राहण्याने उलसेंगचं डोकं आणखीच फिरलं. परतताना ते जनबोक सारखं डोळ्यांपुढे येत होतं.

घरी तेग्यूने बायकोच्या अंगावर दोन रजया घातल्या आणि आईकडे न बघता म्हणाला, "बस झालं आता. हिवाळा संपला की आम्ही जातो."

"कशाला? एक दिवस वाईट गेला म्हणून?"

"एक दिवस? काठावर तिला कुणी येऊ देत नाही, होडीवर ती मरता मरता वाचली. मग शिकणार कुठं? छपरावर?"

मिरानने रजईतून तोंड काढलं. "मला शिकायचंय," ती म्हणाली. "होडीवर नको. पण शिकायचंय."

उलसेंगने सूप गरम केलं. भांडं आपटलं. नातीने विचारलं, आजी रागावली का? तर तिच्यावरही खेकसली.

सकाळी नाखव्याने नेहमीसारखा भोंगा वाजवला. एकदा. थांबून पुन्हा. उलसेंग धक्क्याच्या अलीकडच्या पायऱ्यांवरून तरंगा खांद्याला लावून खाली उतरत होती. मागे मिरान होती, आणि तिचा एक पायमोजा उलटा होता.

"सामचुन!" चुनहा होडीतून ओरडली. "इकडं!"

"जा तुम्ही," उलसेंग म्हणाली. मागे वळून तिने पाहिलं नाही. होडीच्या नाकावर कोण बसलं असेल, हे तिला बघायचंच नव्हतं.

"आई, तुम्ही जा ना होडीवर. मी इथं हळूहळू..."

"तू गप्प बस."

बोबे आणि दोघी म्हाताऱ्या आधीच पाण्यात होत्या. बोबेने दोघींना येताना पाहिलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"आलीस?" ती एवढंच म्हणाली. मग हात करून, "तो काळा खडक आहे ना, त्याच्या पलीकडचं माझं. अलीकडचं तुमचं."

"अलीकडे तर नुसती वाळू आहे!"

"मग शिकायला बरी. पोरीला लागणार नाही."

उलसेंगने संतापून श्वास भरला आणि नेहमीच्या जोराने बुडी मारली. पाणी कमरेएवढंच होतं. डोकं तळाच्या वाळूत गेलं आणि दोन्ही पाय बाहेर हवेत तसेच राहिले. वर आली तेव्हा नाकातोंडात वाळू होती आणि म्हाताऱ्या तरंग्यांवर ओणव्या होऊन हसत होत्या. त्यांच्यामागे मिरानही हसत होती. खळखळून. हसता हसता तिच्या तोंडात पाणी गेलं, ती खोकली आणि पुन्हा हसली.

"दात काय काढतेस?" उलसेंग म्हणाली. "मागे बघ. घर कुठंय?"

मिरानने हात करून दाखवलं. निळं छप्पर, शेजारी संत्र्यांची झाडं, त्यांच्यावर डोंगर.

"नीट बघ. आता डोकं खाली घाल. वर आलीस की पुन्हा दाखव."

मिरानने डोकं खाली घातलं. भोंगा आणखी एकदा वाजला, लांबून. उलसेंगने कान तिकडे जाऊ दिला नाही. सून वर यायची वाट बघत ती पाण्यात उभी राहिली.