तांदळातले देव

सहल कसली आणि काय, सिद्धार्थला तोंड उघडायला जागा हवी होती. घरात ते जमत नव्हतं. आई-बाबांना पुण्याहून इकडे डच मुलखात, नायमेखनला येऊन आठवडा झाला होता आणि एकच वाक्य त्याच्या घशात अडकून बसलं होतं: तुम्हाला इथे कायमचं राहता येणार नाही. एवढंच. पहिलीतलं पोरही पाठ करील. पण चाळिशीला टेकलेला हा बाप्या, चिप बनवणाऱ्या कंपनीत साहेबांना तोंडावर नाही म्हणणारा, रोज सकाळी ठरवायचा आणि रोज संध्याकाळी तोंडात मिठाची गुळणी धरून झोपायचा. शेवटी त्याने सुट्टी टाकली आणि गाडी काढली. आधी फेलुवेचं माळरान, मग द्रेंथमधली लहान लहान गावं, मग थेट उत्तरेचा समुद्र. एवढ्या मोकळ्या मुलखात कुठे ना कुठे बोलायला सापडेलच, असं त्याने स्वतःला समजावलं. अहो, ज्याला बोलायचंय तो स्वयंपाकघरातसुद्धा बोलतो.

मुळात हे लचांड त्यानेच गळ्यात घेतलेलं. दोन वर्षांपूर्वी त्याची आई वसुधा न्हाणीघरात घसरली. बाबा वाचनालयात गेले होते. ते येईपर्यंत ती ओल्या फरशीवर पडून होती. त्या रात्री व्हिडिओ कॉलवर तिचा सुजलेला चेहरा बघून सिद्धार्थ बोलून गेला, "आता बास झालं. तुम्ही दोघं इकडेच या." पाहुण्याला 'जेवूनच जा' म्हणतो ना आपण, तसं. खोटं नव्हतं ते, पण विचार करूनही म्हटलेलं नव्हतं. बाबांनी मात्र ते धरून ठेवलं.

पुढे त्याने वकिलाला विचारलं. वकीलबाईंनी हातातली कॉफी संपायच्या आत निकाल लावला. नोकरी करणाऱ्या मोठ्या मुलाच्या आई-वडिलांना इथे कायमचं आणायची वाट जवळजवळ नाहीच. पाहुणे म्हणून नव्वद दिवस यावं, हिंडावं, परत जावं. काही आडवाटा होत्या, पण त्याही त्याच्या कागदांवर बसत नव्हत्या. हे कळून वर्ष उलटलं. वर्षभर तो फोनवर 'चाललंय, बघतोय' म्हणत राहिला. आणि बाबा? दिनकरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं ठाम मत होतं की व्हिसाचा कागद तिथल्या कचेरीत बसून वाढवता येतो. ते म्हणायचे, सरकारी कागद आहे, पाठीमागे लागलं की हलतो.

फेलुवेला पोचले तेव्हा हेदरची झुडपं फुलली होती. नजर जाईल तिथवर जांभळा माळ, मध्येच वाळूचे उघडे पट्टे, आणि माणूस नावाला नाही. आई म्हणाली, अगदी कासच्या पठारासारखं, फक्त इथे कणसं भाजणारे नाहीत. ती हरखून गेली होती. पाय दुखत असताना बरीच चालली, आणि खांद्यावरची तपकिरी पर्स काही खाली ठेवेना. पर्स जड होती, त्या बाजूचा खांदा उतरला होता. सिद्धार्थने दोनदा मागितली. तिने दिली नाही. औषधं असतील, म्हणून त्यानेही नाद सोडला.

बाबांचं लक्ष फुलांकडे नव्हतंच. ते घरं बघत होते. माळाच्या कडेच्या गावात त्यांनी एक बैठं घर हेरलं. पायरी नाही, पुढे बाग, मागे सायकलींची शेड. असं काहीतरी आपल्याला चालेल, ते म्हणाले, नायमेखनच्या तुझ्या तिसऱ्या मजल्यावर हिचे गुडघे टिकायचे नाहीत. इथला डॉक्टर कुठे बसतो, भाजी कुठे मिळते, बस किती वेळाने येते, सगळं विचारून झालं. सिद्धार्थने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. एका प्रश्नाचं उत्तर देताना तो 'बाबा' म्हणून थांबलासुद्धा. तेवढ्यात आईला मेंढ्या दिसल्या. मेंढ्यांचं निमित्त त्याला पुरलं.

दुसऱ्या दिवशी द्रेंथ. तिथे ओकच्या झाडांखाली प्रचंड दगडांची थडगी आहेत, हजारो वर्षांपूर्वी कुणी दगडांवर दगड चढवून ठेवलेली. बाबांनी एका शिळेवर बोटाची पेरं आपटून पाहिली आणि खूश झाले. जवळच्या बाकावर एक डच आजी-आजोबा पाव-चीज खात बसले होते. गप्पा सुरू झाल्या, मोडक्या इंग्रजीत दोन्हीकडून. त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात, कुठल्याशा लाल मातीच्या मुलखात खाणीवर. दोन वर्षांत एकदा येतो. आजी हे सांगताना हसत होती, पाऊसपाण्याबद्दल सांगावं तसं.

बाबांना तिची दया आली. चक्क दया. त्यांनी सिद्धार्थच्या पाठीवर हात ठेवला आणि छाती काढून सांगितलं की आम्ही तर मुलाजवळ राहायला आलोय, कायमचे. "हाऊ लव्हली," आजी म्हणाली आणि तिने सिद्धार्थकडे असं पाहिलं की त्याची मान खाली गेली. तिथेच बोलायला हवं होतं. माणसं होती, सावली होती, बसायला बाक होता. हा पठ्ठ्या उठला आणि गाडीत पाण्याची बाटली आणायला गेला. आपला राग आपल्यालाच येतो तो कसा, हे त्याला त्या पार्किंगमध्ये कळलं. बाटली तर त्याच्या हातातच होती.

रात्रीचा मुक्काम एका लाकडी कॉटेजमध्ये होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तो उठला तो उदबत्तीच्या वासाने. भाड्याचं घर, छताला धुराचं यंत्र, आता ते बोंबलणार म्हणून तो धावतच बाहेर आला. आई न्हाऊन, ओले केस बांधून जेवणाच्या टेबलासमोर उभी होती. पुढ्यात कॉटेजमधलीच एक बशी. बशीत बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख, आणि कुलदैवताचे चांदीचे टाक. शेजारी स्टीलचा मोठा डबा उघडा, त्यात तांदूळ, आणि तांदळात देवांनी केलेले खळगे. तपकिरी पर्स खुर्चीवर रिकामी पडली होती.

"गोकुळाष्टमी आहे रे," ती म्हणाली. "आजच्या दिवशी तरी त्याला तांदळात कसं ठेवू? बाकीचे म्हणाले, मग आम्हीही बाहेर येतो." आणि स्वतःच्याच विनोदावर ती हसली.

सिद्धार्थ पूजाबिजा करणारा नव्हता, पण घरची रीत त्याला ठाऊक होती. चार दिवस गावाला जायचं तर देव शेजारी पूजेला द्यायचे, नाहीतर घरीच तांदळात ठेवायचे. देव सहलीला नेत नाहीत. देव उंबरा ओलांडतात ते घर बदलतानाच. नव्या घरात माणसांच्या आधी तेच जातात. लहानपणी सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांतून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा हाच डबा त्याच्या मांडीवर होता. रिक्षात हलू नकोस म्हणून आईने दटावलं होतं.

"आई, देव कुणाकडे पूजेला नाही दिलेस?"

"कुणाकडे देणार? घर दिलं की आम्ही," ती इतक्या सहज म्हणाली की त्याला पहिल्यांदा कळलंच नाही. मग बाबा दाढी पुसत आले आणि त्यांनी खुलासा केला. फ्लॅट वैशाखातच विकला. भांडीकुंडी कुमुदिनी मावशीला, पुस्तकं वाचनालयाला. तुझ्या डोक्याला ताप नको म्हणून सांगितलं नाही, शिवाय घर ठरलं की एकदम सांगून चकित करायचं होतं. नायमेखनला देव मांडले नाहीत ते याचसाठी. कायमची जागा ठरेपर्यंत पुन्हा पुन्हा मांडामांड नको, असं आईचं म्हणणं पडलं.

त्याने प्रसाद म्हणून हातावर साखर घेतली, खाल्ली, आणि गाडी चालवायला बसला.

उत्तरेला रस्ता सरळ आणि सपाट आहे. दोन्हीकडे कापलेली शेतं, कालवे, पवनचक्क्या, आणि एकेक गाव येऊन जाई. बाबा पुढच्या सीटवर, प्रत्येक कालव्याचं दार दाखवत. आई मागे, पर्स मांडीवर. असं वाटत होतं की देश संपूच नये. पण हा देश तो केवढा! जेवायच्या वेळेला संपलासुद्धा. शेवटचं बंदर आलं, पुढे हिरवा बांध, आणि बांधापलीकडे ओहोटीने उघडा पडलेला चिखल, क्षितिजापर्यंत. पाणी कुठे दिसेना. पक्षी तेवढे चिखलात काहीतरी टिपत होते.

बांधाच्या माथ्यावर एक बाक होता. बाबांनी उतार पाहिला, वा म्हणाले, समुद्र अडवायचा तर असा. मग आईशेजारी टेकले. सिद्धार्थ त्यांच्यासमोर उभा राहिला. इथून पुढे रस्ता नव्हता.

"बाबा, तुम्हाला इथे राहता येणार नाही. नव्वद दिवस झाले की परत जावं लागेल. व्हिसा वाढत नाही. मी वकिलाला विचारलंय."

बाबा आधी हसले. पहिल्या खेपेला सगळेच नाही म्हणतात, त्यांनी त्याला समजावलं, वरचा साहेब कोण आहे ते बघ, मी येतो तुझ्याबरोबर, दोन दिवस बसू तिथे. सिद्धार्थने पुन्हा सांगितलं. कायदाच नाही, साहेब काय करणार? मग तिसऱ्यांदा सांगितलं. तेव्हा कुठे बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"कधी विचारलंस?" आईने विचारलं.

"वर्ष झालं."

"वर्ष," ती म्हणाली. "घर आम्ही वैशाखात दिलं रे."

ती रागावली नाही. रागावली असती तर सिद्धार्थला बरं वाटलं असतं. वारा जोराचा होता, आईचा पदर सारखा उडत होता, आणि तो सावरायचंही तिला सुचत नव्हतं. घर परत मिळायचं नव्हतं. ज्यांना दिलं त्यांनी भिंत पाडून स्वयंपाकघर मोठं केलं होतं, हे आईनेच सकाळी कौतुकाने सांगितलं होतं.

बाबांनी हळूच विचारलं, लहान मुलाला विचारावं तसं.

"मग तू येतोस का तिकडे?"

सिद्धार्थने तोंड उघडलं. नाही म्हणायचा धीर नव्हता, हो म्हणायची इच्छा नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छा नाही हे त्याने आजवर स्वतःलासुद्धा धडपणे सांगितलं नव्हतं.

"बघतो, बाबा."

दिनकररावांनी मान डोलावली. उभा जन्म त्यांनी सरकारी टेबलामागे काढलेला. पाण्याची पाळी मागायला आलेल्या माणसाला ते स्वतः हेच म्हणत आले होते, बघतो. त्या शब्दाने परत गेलेलं माणूस पुन्हा का येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आईने पर्स उघडली. डबा काढून बाकावर ठेवला.

"देवांना व्हिसा लागतो का रे?"

"नाही, आई."

"मग यांना तरी राहू दे तुझ्याकडे. एकदा हलवलेत, आता पुन्हा पुन्हा नाही हलवायचे. आम्ही भाड्याची खोली बघू, नाहीतर एखाद्या वृद्धाश्रमात नाव घालू. तिथे यांना कुठे नाचवू?"

"मला पूजा येत नाही, आई."

"येत नाही काय? पाणी घालायचं, पुसायचं, फूल ठेवायचं. अन्नपूर्णेपुढे भाताचं शीत ठेव, पाव खाल्लास तर पावाचा तुकडा ठेव, ती काही म्हणत नाही. बाहेर गेलास तर तांदळात ठेवून जा." मग ती म्हणाली, "काहीच नाही जमलं तर दिवसातून एकदा डबा उघडून नुसतं बघ त्यांच्याकडे. तेवढं कर."

त्याने हो म्हटलं. आईने डब्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून घट्ट बसवलं आणि डबा त्याच्या हातात दिला.

खाली गाडीशी आल्यावर बाबा आपणहून मागचं दार उघडून आईशेजारी बसले. कालवे बघायला हवेत म्हणून पुढची सीट न सोडणारा माणूस. पुढची सीट रिकामी, म्हणून सिद्धार्थने डबा तिथे ठेवला. गाडी सुरू केली तर टिंग टिंग टिंग सुरू झालं. पितळेचं, चांदीचं आणि तांदळाचं वजन. गाडीला वाटलं, माणूस बसलंय.

"त्यांना पट्टा लाव," बाबा मागून म्हणाले.

सिद्धार्थने डब्याभोवती पट्टा ओढून लावला. आवाज थांबला, आणि त्याने गाडी नायमेखनच्या रस्त्याला लावली.