माशांचा उपास

रायपूर नव्या राज्याची राजधानी होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. शहर वाढत होतं, तसा तात्यापारा मोहल्ल्याचा गणपतीही. यंदा त्याला चमकीचा मोरपंखी रंग द्यायचा, ही नीलकंठबुवांची फार दिवसांची हौस. रेल्वेतून निवृत्त झालेले बुवा दरवर्षी त्याच्यापुढं कीर्तन करायचे. डोळे मिटले की त्यांना तो रंग दिसायचा.

पण विसर्जन व्हायचं बूढ़ा तालाबात. त्यांची सून पद्मजा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. ती म्हणाली, "मामाजी, आधी तो रंग माशांवर तपासू द्या."

तिनं प्रयोगशाळेत काचेच्या बरण्या मांडल्या. एकीत नुसतं पाणी, बाकीच्यांत चढत्या प्रमाणात रंग. निळ्या पाण्यात इवले मासे असे फिरत, जणू कुणाच्या झोपेतून चाललेत.

"पाणी नासू नये म्हणून यांना आता चार दिवस उपास. पोळ्याआधी निकाल," ती बुवांना म्हणाली.

मधेच एकादशी आली. बुवा सुनेचा फराळाचा डबा घेऊन गेले तेव्हा ती वर्गात होती. दुसऱ्या दिवशी सगळ्याच बरण्यांत मासे उलटे तरंगत होते आणि तळाशी फुगलेले पांढरे दाणे होते.

"मामाजी, हे काय?"

"साबुदाणा. तूच म्हणली ना, माश्याईले उपास हाये? मंग उपासाचं नको का द्याले?"

"साध्या पाण्यातही टाकला?"

"पंगतीत दुजाभाव कसा करू, पोरी?"

हसावं की रडावं, पद्मजाला कळेना. साबुदाण्यानं पाणी नासलं होतं. साध्या पाण्यातलेही मेल्यावर रंगानं कोण मेलं, हे सांगता येणार नव्हतं. मूर्ती रंगवायच्या आधी पुन्हा तपासायला वेळही उरला नव्हता.

मंडळाचे सचिव गंगाधरराव मात्र खूश. "बुवा, देवानंच तुमची हौस पुरवली! रंगावर काही सिद्धच नाही झालं. पेंटर को बुला लूँ?"

बुवा ओल्या मूर्तीपुढं बसून राहिले. मिटल्या डोळ्यांत मोरपंखी पाणी भरून आलं. त्यातून मासे एकेक करून देवाच्या सोंडेपाशी येत, तोंड उघडून काही मागत आणि हळूच उलटे होत.

"सिद्ध नाही झालं ते माह्या हातानं, गंगाधर," ते म्हणाले. "मातीचाच राहू दे देव."

"अन् तुमची हौस?"

"गेली."

चतुर्थीला मातकट मूर्तीपुढं झांज वाजली. पूर्वरंगातच बुवांचा आवाज अडखळला. मग मागून पद्मजानं ध्रुपद धरलं आणि बुवांचा आवाज सावकाश पाण्यासारखा वाहू लागला.