एकच बार झाला

दुपारी दोनच्या सुमारास शेजारच्या क्रस्तो भावजींच्या घराकडून बार झाला, तेव्हा मी हिवाळ्यासाठी पिंपात, मिठात घालायची कोबी चिरत होते. हात थांबवला आणि दुसऱ्या बाराची वाट पाहिली. दुसरा झाला नाही.

आमच्या डोंगरात बंदुकीच्या आवाजानं कुणी दचकत नाही. लग्न असलं की वाजवतात, पोरगा लांबच्या देशातून घरी आला की वाजवतात. नातू झाला की आजोबा अंगणात उभे राहून अख्खं पिस्तूल आभाळात रिकामं करतात. नात झाली की कॉफी पितात. पण वाजवायचं म्हणजे पाच, सहा, दहा बार. एका गोळीवर भागवणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

आणि भावजींच्या घरी आनंद कुठून यायचा? त्यांची बायको इलिंका जाऊन एकोणचाळीस दिवस झाले होते. उद्या चाळिसावा, थडग्यावर जायचा. दुखवट्याच्या घरात वर्षभर गाणं नाही, टीव्ही नाही, बंदुकीचं तर नावच नको. भावजींनी रीतीप्रमाणे दाढीही वाढवली होती. त्यांच्या सुनेला दिवस गेले होते खरे, ती तिकडं राजधानीत, पोद्गोरिकात असते, पण तिचा महिना पुढचा. मी बोटांवर मोजून पाहिलं. पुढचाच होता.

आतल्या खोलीतून माझा नवरा मिलुतिन ओरडला. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते आणि पलंगावरून सगळ्या जगावर हुकूम सोडायचं काम त्यानं हाती घेतलं होतं.

"ऐकलंस का? एकच वाजवला! कंजूष दिसतोय कुणीतरी!"

मग तो एकदम गप्प झाला. कारण हेच शब्द, जसेच्या तसे, तो अकरा वर्षांपूर्वी बोलला होता.

तेव्हा नाताळचे दिवस होते आणि गावभर बार उडत होते. खालच्या आळीतून, माझ्या भावाच्या, राडुलेच्या घराकडून एक वाजला. मी म्हटलं, कुणाला तरी मुलगा झाला वाटतं. मिलुतिन म्हणाला, एकच वाजवला! कंजूष दिसतोय कुणीतरी! आणि मी हसले. हसून कॉफीचं भांडं पुन्हा चुलीवर ठेवलं. दिवेलागणीला राडुलेसाठी चीज घातलेली पोळी घेऊन गेले आणि दार मीच उघडलं. डॉक्टर नंतर म्हणाले की तो लगेच गेला नव्हता. का सांगितलं त्यांनी मला ते, देव जाणे.

मी समोर पाहिलं. हातात किसणी होती. कोबी चिरायची मोठी लाकडी किसणी, दोन पात्यांची, माझ्या आईची. तीन वर्षांपूर्वी इलिंका मागून घेऊन गेली ती परत आलीच नव्हती. मी दर शरद ऋतूत आठवण करायचे आणि ती दर शरद ऋतूत म्हणायची, "अगं, आणून देते, पळून चाललेय का मी?" काल सकाळी भावजी स्वतः घेऊन आले. घासून, पुसून, पात्यांना तेल लावून.

"घ्या वहिनी. कुणाची वस्तू आपल्याकडे राहायला नको."

आणि मी मूर्ख बाई खूश झाले! बरं झालं, कोबीच्या वेळेला मिळाली, म्हटलं. माणसानं दुसऱ्याच्या वस्तू परत करायला घेतल्या, आणि मला कोबी सुचली.

एप्रनला हात पुसत मी कुंपणाशी गेले. दोन घरांच्या मध्ये दगडी बांध आणि प्लमची सात झाडं आहेत, तेवढंच अंतर.

"क्रस्तो भावजी! अहो भावजी!"

कोंबड्या हिंडत होत्या. पुढचं दार अर्धवट उघडं होतं आणि वाऱ्यानं थोडं थोडं हलत होतं.

"भावजी, ओ तरी द्या!"

बांध ओलांडायला दोन पावलं लागतात. पस्तीस वर्षं मी तो ओलांडलाय, हातात गरम पातेलं घेऊनसुद्धा. त्या दिवशी एक पाय वर ठेवला आणि दुसरा उचलेना. खरं ते सांगते, मला ते दार ढकलायचं नव्हतं. एका जन्मात एकदा पुरे. मी मागं फिरले, स्वयंपाकघरात आले आणि पोलिसांना फोन लावला.

"किती बार झाले?" पलीकडच्या बाईनं विचारलं.

"एक."

"एकच? बाई, आज रविवार आहे. लग्न असेल कुठंतरी."

"एका गोळीत लग्न उरकतात का हो तुमच्याकडं? माणूस पाठवा! आणि डॉक्टरही पाठवा!"

फोन ठेवला तर मिलुतिन कुबड्या टेकत दारात उभा.

"पोलिसांना बोलावलंस? शेजाऱ्याच्या घरी? त्याच्या पिस्तुलाला परवाना नाही, ठाऊक आहे ना तुला? जिवंत असला तर तुरुंगात जाईल तुझ्यापायी."

"जिवंत असला तर जाऊ दे तुरुंगात."

"गाव तोंडात शेण घालेल आपल्या."

"घालू दे."

मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "बरं, मग आमचं कुठं ठेवायचं?"

आमचं म्हणजे त्याचं पिस्तूल, सासऱ्यांच्या वेळचं, पिठाच्या डब्यामागं ठेवलेलं. परवाना त्यालाही नव्हता. असल्या वेळी या माणसाला हे सुचलं म्हणून मी तोंडाला येईल ते बोलले, पण बोलता बोलताच ते दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून पिंपात, मिठातल्या कोबीच्या खाली दाबलं. वर मीठ फेकलं, दगड ठेवला. मीठ कमी पडलं की जास्त झालं, मला आजही सांगता येणार नाही.

पंचवीस मिनिटं लागली त्यांना. त्या पंचवीस मिनिटांत मी भावजींना दहा वेळा मेलेलं पाहिलं. खिडकीतून ते दार दिसत होतं. हलायचं, थांबायचं, पुन्हा हलायचं. मी देवाला म्हटलं, भावजी वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत तरी चालेल, मला चहाडखोर म्हणाले तरी चालेल, फक्त म्हणायला राहू देत.

पोलिसांच्या गाडीतून बात्रिच उतरला. तो आमच्याच पंचक्रोशीतला, त्याची आई माझ्याबरोबर टपाल कचेरीत होती. मागून रुग्णवाहिका आली.

"द्रागिन्या मावशी, तू इथंच थांब," तो म्हणाला आणि आत गेला.

मी थांबले नाही. आता पुढं कुणीतरी होतं, त्यामुळं पाय उचलला. दारापर्यंत गेले. आत खुर्चीच्या पाठीवर भावजींचा काळा सूट टांगलेला होता, नुकती इस्त्री केलेला. टेबलावर घराच्या किल्ल्या आणि त्यांच्याखाली मुलाच्या, पेतारच्या नावाचं पाकीट.

"इकडं आहेत!" बात्रिच मागच्या अंगणातून ओरडला. "बसलेत! नुसते बसलेत!"

अक्रोडाखालच्या बाकावर भावजी बसले होते. मांडीवर फोन, बाजूला पिस्तूल, दाढी ओली. कान त्यांचे आधीच मंद, त्यात बार कानाशी झालेला. माझ्या हाका त्यांना पोचल्याच नव्हत्या. बात्रिचनं आधी पिस्तूल उचललं, मग श्वास सोडला.

"नात झाली," भावजी मोठ्यानं म्हणाले, बहिऱ्या माणसाच्या आवाजात. "महिनाभर आधीच आली. पावणेदोन किलोची. पण रडली म्हणे, चांगली रडली. पेतारनं फोनवर ऐकवलं."

"दुखवट्यात बार काढलात?" बात्रिच म्हणाला. "तोही नातीसाठी?"

"हो. नातीसाठी."

मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं.

"तुम्ही बोलावलंत यांना, वहिनी?"

"हो."

"एका बारासाठी?"

"एकच होता म्हणून."

बात्रिचनं पिस्तुलाचं मॅगझिन काढून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"हे तर रिकामं आहे. बाकीच्या गोळ्या कुठं आहेत, काका?"

"बाकीच्या नाहीत. एकच होती."

"एक गोळी भरून कोण ठेवतो?"

भावजी फोनची काच बाहीनं पुसू लागले. मला त्याचं उत्तर दारातच मिळालं होतं, इस्त्री करून टांगलेलं. ती गोळी ज्याच्यासाठी ठेवली होती त्याला न लागता आभाळात गेली होती, पावणेदोन किलोच्या पोरीसाठी. बात्रिचनंही टेबल पाहिलं असणार. वहीत काहीतरी लिहायला घेतलेलं पेन त्यानं खिशात घातलं.

"पिस्तूल मी नेणार," तो हळूच म्हणाला. "आणि तुम्हीही चला काका, जबाब द्यायला. डॉक्टरही जरा बघतील तुम्हाला. संध्याकाळी मी स्वतः परत आणून सोडतो."

"चला," भावजी म्हणाले आणि उठले. दोनदा उठावं लागलं त्यांना.

गाडीपाशी पोचल्यावर ते थांबले. खिडकीत मिलुतिन कुबड्यांवर उभा होता, त्याला त्यांनी हात केला. मग माझ्याकडं वळले. मी मनाची तयारी केली. काय बोलतील ते बोलू देत.

"वहिनी, ती किसणी," ते म्हणाले. "तुमचं झालं की धुऊन ठेवा. उद्या थडग्यावरून आलो की घेऊन जाईन. माझीही कोबी तशीच पडलीय सगळी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतका राग आला मला त्यांचा की तिथंच एक ठेवून द्यावी.

"न्या," मी म्हटलं. "आणि परत आणून दिलीत तर याद राखा."