दिराच्या खोलीतला प्लग

कांद्याची खुरपणी अर्ध्यावर आली होती, तेवढ्यात शाळेचा शिपाई बांधावर येऊन उभा राहिला. मोठ्या बाईंनी आत्ताच्या आत्ता बोलावलंय म्हणाला. तिनं मातीचे हात तसेच लुगड्याला पुसले. आठवीतल्या लेकीला काही झालं असेल म्हणून ती वाटभर पळतच गेली.

लेक धडधाकट होती, पण मोठ्या बाईंच्या टेबलापुढे मान खाली घालून उभी होती. शाळेनं अभ्यासाला दिलेल्या टॅबवर कुणीतरी घाणेरडे व्हिडिओ बघितले होते, तेही एक-दोन नव्हे. टॅब देताना नियमांचा कागद वाचून दाखवला होता आणि त्यावर हिनंच अंगठा उठवला होता. गैरवापर झाला तर मुलीचं नाव कमी. घरातल्या दुसऱ्या कुणी केला असेल, तर त्यानं तसं कबूल करावं, एवढीच काय ती सूट.

तिला कळायला वेळ लागला नाही. घरात चालू प्लग एकच, तो दिराच्या खोलीत. लेक शेळ्या घेऊन गेली की टॅब तिथंच चार्जिंगला असायचा. पण नवरा गेल्यापासून दोघी त्याच्याच छपराखाली. नाव घेतलं तर भांडीकुंडी रस्त्यावर. आणि पोरीची शाळा कायमची सुटायची तर तो वाटच बघत होता, तो कशाला कबूल करील?

"मी बघितलं," ती म्हणाली.

मोठ्या बाईंनी पोरीला बाहेर थांबायला सांगितलं आणि चष्मा काढला. "तुम्हाला तर वाचता येत नाही."

"असलं बघायला वाचता कशाला यावं लागतं, बाई?"

"खरं कोण ते सांगा. मी बघते त्याच्याकडे."

"तुम्ही शाळेपुरतं बघाल. घरी गेल्यावर कोण बघणार?"

बाईंनी चष्मा परत चढवला. त्यांनी कागद लिहिला, हिनं अंगठा दिला. पोर वर्गात गेली, आईकडे न बघता.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दारात जमलेल्या चार माणसांसमोर दीर म्हणाला, "वहिनी, घराची अब्रू घालवलीत." तिनं त्याच्या खोलीत जाऊन प्लगमधला चार्जर उपटला आणि त्याच्यासमोरून घेऊन गेली. त्यानं बाजूला सरकून तिला वाट दिली.

आता ती रोज पिठाच्या गिरणीवर जाते. गिरणीवाला प्लग देतो. दळणाला आलेल्या बायका तोंड फिरवून हसतात. चार्जिंग पुरं होईपर्यंत ती टॅब मांडीवर धरून बसते. लेकीला खरं सांगावं असं फार वाटतं, पण पोर गप्प बसायची नाही हे तिला ठाऊक आहे.

लेक येते, टॅब घेते आणि निघते. लोकांत असली की ती तिला आई म्हणत नाही.