नातेवाइकांकडूनही पैसे घेतले जातील

आत्याच्या दुकानात दोन मशिनं होती, एक उंच आरसा होता आणि गिऱ्हाइकाचा पत्ता नव्हता. विकत घेतलेला तयार कपडा मापात करून देणं हे तिचं काम. बाही आखूड करायची, कंबर घ्यायची, चेन बदलायची. समोरच्या इमारतीवर जाहिरातीचा भलामोठा पडदा लागला होता आणि त्यावर एक सडपातळ मुलगी दिवसभर नवनवे कपडे घालून गिरक्या घ्यायची. तिने लाल झगा घातला की आत्याचं दुकान लाल व्हायचं, निळा घातला की निळं.

"हिच्या पाठीला चिमटे लावलेत," आत्या सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची. "मला इथून दिसतं. समोरून कसं सगळं चापूनचोपून!"

जागेच्या मालकांनी निरोप धाडला होता, दुकान ठेवणार की सोडणार ते महिनाअखेरीला सांगा. सोडलं, तर आत्याला तयार कपड्यांच्या कारखान्यात जावं लागणार होतं. तिथे एकीने कॉलर शिवायची, दुसरीने खिसा, आणि पुरा कपडा कुणाच्या अंगावर कसा बसला ते कुणालाच दिसायचं नाही. "माणसाचं तोंडसुद्धा बघायला मिळणार नाही गं," आत्या एकदाच म्हणाली. ते भाचीच्या जिव्हारी लागलं.

भाची नुकतीच संख्याशास्त्र शिकून बाहेर पडली होती, म्हणून आत्याने तिचं नाव आकडेबाई ठेवलं होतं. आकडेबाईने कंबर कसली. मशिनवर बसलेल्या आत्याचा, तोंडात टाचण्या धरलेला फोटो काढला, खाली लिहिलं, 'कपडा तुमच्या मापाचा करून मिळेल', आणि लोकांच्या फोनवर दिसेल अशी जाहिरात सुरू केली. मग त्या घरातल्या कुणीही केलं असतं तेच तिने केलं. घरच्यांच्या ग्रुपवर फर्मान काढलं, 'आत्याची जाहिरात दिसली की दाबायची. हयगय चालणार नाही.'

आणि हे घराणं हयगय करणारं नव्हतंच. काका दात घासायच्या आधी दाबायचे. चुलतभाऊ ऑफिसच्या लिफ्टमध्ये दाबायचा. काकू स्वतः दाबून वर ग्रुपवर सगळ्यांची हजेरी घ्यायची, 'आज कोण कोण राहिलंय?'

आकडे सरसर चढले. "बघ, किती लोक बघतायत तुला!" भाची फोन नाचवत म्हणायची.

आत्या दाराकडे बघायची. "मग हे लोक दारावरून उडत जातात की काय?"

महिना सरत आला तेव्हा भाची दुकानातल्या स्टुलावर बसली आणि जे सुरुवातीलाच बघायला हवं होतं ते तिने बघितलं. दाबणारे दिवसभर विखुरलेले नव्हते. ते घोळक्याने यायचे. एक घोळका सकाळी, दात घासायच्या वेळी. दुसरा काकूच्या हजेरीनंतर लगेच.

"आत्या, मी माती खाल्ली."

"आता काय?"

"जाहिरात दाखवणारं यंत्र भाबडं असतं गं. जो दाबतो त्याला आवडलं असं समजून त्यालाच पुन्हा पुन्हा दाखवतं. आपण दाबत गेलो, ते आपल्यालाच दाखवत गेलं. बाहेर जवळजवळ कुणी बघितलंच नाही."

"म्हणजे महिनाभर माझं हे टाचण्यांचं तोंड आपलीच माणसं बघतायत?" आत्या हसत सुटली. हसता हसता थांबली, उठली आणि दुसऱ्या मशिनवर तिने कव्हर घातलं.

भाचीने ग्रुपवर सगळं कबूल करून टाकलं आणि हात जोडून दाबणं बंद करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकू धापा टाकत दुकानात हजर. हातात फुगलेली पिशवी.

"वन्सं, एवढ्या मायेने दाबलं हो, आणि तुमच्याच पायावर धोंडा पाडला!"

"बसा वहिनी. पिशवीत काय?"

काकूने ती चोरटेपणाने उघडली. आतून एक कुडता निघाला, त्यात दोन काकू मावल्या असत्या. मग एक पँट, जिच्यासाठी पायाखाली स्टूल लागलं असतं. "फोनवर बघून मागवलं सगळं. परत करायची मुदत टळून गेली. रोज तुमचा फोटो दाबताना आठवायचं, कपाटात ढीग पडलाय म्हणून."

"मग आणलं का नाहीत?"

काकू घुटमळली. "आणलं असतं तर पैसे घेतले असतेत?"

"घरच्यांकडून? काहीतरीच!"

"मग! फुकटचं काम सांगायला जीभ रेटत नाही. ह्यांच्या पँटी मी लांबच्या शिंप्याकडे देते. तुम्हाला दिसू नये म्हणून मागच्या गल्लीने जाते, पिशवी पदराआड धरून."

आकडेबाईने कान टवकारले. "काकू, असं आणखी कोण कोण जातं?"

"कोण जात नाही ते विचार!"

भाचीने एक पुठ्ठा ओढला आणि कापडावर खुणा करायच्या खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'नातेवाइकांकडूनही पैसे घेतले जातील.'

"काढ आधी ते!" आत्या कडाडली. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, सुटलो बुवा एकदाचे," काकू म्हणाली.

आत्याने पुठ्ठा उचलला आणि दाराशी टेकवून ठेवला. मग टेप उचलून काकूच्या कमरेभोवती गुंडाळला. "श्वास रोखू नका, वहिनी. तुम्हाला काही त्या पडद्यावर जायचं नाहीये."

संध्याकाळी कुडता अंगात घालून काकू आरशासमोर मागून-पुढून वळली, आणि तो काढायलाच तयार होईना. आत्याने पैसे घेतले खरे, पण घेताना मान दुसरीकडे वळवली, इंजेक्शन टोचून घेताना वळवतात तशी.

पुठ्ठ्याचा फोटो ग्रुपवर गेला. काका पँटींचं गाठोडं घेऊन आले, चुलतभाऊ खांद्यावरून ओघळणारा कोट घेऊन. दुसऱ्या मशिनचं कव्हर निघालं. पण भाची ज्याची वाट बघत होती ते नंतर घडलं. काकू तो कुडता घालून तिच्या ऑफिसात गेली, आणि तिथली एक बाई पत्ता विचारत आली.

"ही आपल्यातली नाही," भाची आत्याच्या कानात पुटपुटली. "पहिली!"

"हळू बोल. आणि सरक, माप घेऊ दे."

मालक आले तेव्हा आत्याच्या तोंडात टाचण्या होत्या. "काय ठरलं बाई?" त्यांनी विचारलं. आत्याने बोटाने 'थांबा' म्हटलं, टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या आणि त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"ठेवतेय जागा," ती म्हणाली. "आणि तुमच्या शर्टाची बाही बोटांवर येतेय. काढून ठेवा, करून देते."

मालकांची नजर पुठ्ठ्यावर गेली. "मी कुठे नातेवाईक?"

"मग तर घेणारच," आत्या म्हणाली.